छत्रीधारी पलटणीची जडणघडण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अंजूर मुक्कामी दिलेले व्याख्यान)



मंडळाचे स्नेहसंमेलन यंदा अंजूरला भरवावयाचे ठरले आणि व्याख्यानाची कामगिरी आमच्याकडे आली, तेव्हा चिटणिसांनी प्रेमाने सुचविले की, विषय गंगाजी नाईक अंजूरकरांचाच घ्यावा. सूचना रास्त होती. ज्या गावच्या भूमीवर आज आपण बसलो आहोत तेथे दुसरे कोणाचे नाव आधी घ्यावे? परंतु ती कथा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना मुखोद्गत आहे, आणि आमच्यापेक्षा ती अधिक रसाळपणे सांगणारे या सभेतच बसले आहेत. म्हणून आम्ही ठरविले की, एका निराळ्या वाटेने निघावे आणि शेवटी नाईकांच्या उंबरठ्याशी यावे. ती वाट म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशात उभ्या राहिलेल्या छत्रीधारी सैन्याची, म्हणजे विमानातून हवाई छत्रीने उतरून लढणाऱ्या पायदळाची, जडणघडण.

दुपारच्या सत्रात अभ्यासिकेसंबंधीचा ठराव चर्चेस येणार आहे. सैन्यभरतीची आणि स्पर्धा-परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी जी जागा आपण उघडीत आहोत, ती ज्ञातीतील मुलांपुरतीच ठेवावी की गावातील कोणत्याही मुलास तेथे बसू द्यावे, असा तो प्रश्न आहे. त्यावर मते तीव्र आहेत, हे आम्ही जाणतो. कालच्या बैठकीत आवाज चढले होते तेही आम्ही ऐकले आहे. आमच्या विषयाचा या ठरावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध आम्ही शेवटी सांगू. तोवर थोडा धीर धरावा, ही विनंती.

मे १९४० मध्ये जर्मन छत्रीधारी हॉलंड आणि बेल्जममध्ये उतरले आणि पूल व किल्ले घेऊन बसले, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे उघडले. पुढच्याच वर्षी, मे १९४१ मध्ये, त्यांनी आकाशातून उतरून क्रीट बेट घेतले. तेथे त्यांची एवढी हानी झाली की हिटलरचा अशा मोठ्या हवाई चढायांवरील विश्वासच उडाला. त्यांच्या शत्रूंनी मात्र याच्या उलट बोध घेतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीस पन्नासावी हिंदी छत्रीधारी ब्रिगेड उभी राहू लागली. तीत तीन पलटणी होत्या. १५१ वी ब्रिटिश शिपायांची, १५२ वी हिंदी शिपायांची आणि १५३ वी गुरख्यांची. यांतील १५१ वी पुढे मध्यपूर्वेत गेली, १५६ हा नवा क्रमांक घेऊन हॉलंडमधील आर्नहेमला लढली आणि तेथे जवळजवळ संपली. आपल्याकडे तिची जागा १५४ व्या गुरखा पलटणीने घेतली.

या पलटणी उभारण्याची रीत नेहमीच्या भरतीहून वेगळी होती. नेहमीच्या पलटणीस शिपाई हुकमाने मिळतो. छत्रीधारी पलटणीत जो येईल तो आपखुशीने यावा, असा नियम होता. १५२ व्या पलटणीसाठी हिंदी लष्कराच्या नाना रेजिमेंटांकडे विचारणा झाली आणि ठिकठिकाणचे शिपाई आपापली जुनी पलटण, जुना सुभेदार आणि ओळखीचे निशाण सोडून तेथे आले. जुनी पलटण सोडणे हे शिपायास घर सोडण्यासारखे असते. ज्याने ती सोडली त्याने आकाशातून उडी मारण्याआधीच एक उडी मारलेली होती, असे आम्हांस वाटते.

आरंभीची साधने तुटपुंजी होती. छत्र्या थोड्या होत्या, विमाने त्याहून थोडी. दिल्लीच्या विमानतळावर व्हॅलेन्शिया नावाची जुनाट दुपंखी विमाने होती. त्यांच्या तळाला पाडलेल्या भोकातून पहिले छत्रीधारी खाली उतरले. प्रथम उतरलेल्या हिंदी माणसांत लेफ्टनंट रंगराज हे १५२ व्या पलटणीचे डॉक्टर होते. पलटणीबरोबर तिचा वैद्यही आकाशातून उतरला पाहिजे, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून धरलेली होती. हेच रंगराज पुढे कोरियाच्या युद्धात साठाव्या छत्रीधारी रुग्णसेवा पथकाचे प्रमुख झाले आणि महावीर चक्राचे मानकरी ठरले. १९४२ मध्ये उड्यांची शाळा रावळपिंडीजवळ चकलाला येथे गेली. छत्र्या शिवण्याचे काम कानपूरला होऊ लागले. विमानातून रसद टाकण्यासाठी रेशीम मिळेना तेव्हा १९४४ साली ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या करून घेतल्या गेल्या. ज्या तागाची आपल्याकडे पोती होतात, त्याच्या छत्रीने जंगलात अडकलेल्या सैन्याला अन्न पोचविले.

आता उडीची रीत सांगतो, कारण पुढच्या साऱ्या बोलण्याचे मर्म तीत आहे. पुष्कळांचा असा समज असतो की, छत्रीधारी हवेत गेल्यावर स्वतः दोरी ओढतो आणि छत्री उघडते. लढाईच्या उडीत तसे नसते. शिपायाच्या पाठीवरील छत्रीची एक लांब पट्टी विमानातील तारेला आकड्याने अडकविलेली असते. शिपाई दाराबाहेर पडला की त्याच्या वजनाने ती पट्टी ताणली जाते आणि छत्री बाहेर खेचते. त्याने स्वतः करावयाचे ते एवढेच की, आपली पाळी आली की थांबावयाचे नाही. तो क्षणभर अडखळला तर मागचे सगळे दूर जाऊन पडतात, कारण विमान कोणासाठी थांबत नाही. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि हिंदी छत्रीधाऱ्यांजवळ दुसरी, अडीनडीची छत्रीही नसे. पाठीवर असेल ती एकच. ती उघडली तर माणूस वाचला.

आणि ती छत्री त्याने स्वतः घडी घातलेली नसते. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त सुभेदारांच्या घरी बसण्याचा योग आम्हांस आला. छत्रीधारी पलटणीत त्यांची नोकरी झाली होती. शौर्याच्या गोष्टी ऐकावयाच्या म्हणून आम्ही गेलो, आणि ते मात्र बराच वेळ छत्रीच्या घडीविषयीच बोलत राहिले. लांबच लांब मेजावर छत्री पसरायची, तिचे काप एकावर एक बसवायचे, दोऱ्या गुंतणार नाहीत अशा ओवायच्या, प्रत्येक टप्प्यावर तपासणी व्हायची आणि शेवटी घडी घालणाऱ्याने छत्रीच्या नोंदपत्रावर सही करायची. आम्ही विचारले की, सही कोणाची आहे हे आपण कधी पाहत होता काय? ते हसले आणि म्हणाले की, पाहून काय करणार? घडी नीट आहे एवढे ठाऊक असले की पुरे. हे सांगताना त्यांचे हात हवेतल्या हवेत घडी घालीत होते.

पलटणीची रचनाही याच विचाराने झालेली होती. साध्या पायदळ पलटणीत चार बंदूकधारी कंपन्या असत, तर छत्रीधारी पलटणीत तीन. माणसे कमी आणि सामान हलके, कारण जे काही लागेल ते अंगावर किंवा छत्रीला बांधून न्यावयाचे. तोफा, मोटारी, स्वयंपाकाची भांडी, कशाचाही भरवसा नाही. जे एकत्र लढणार ते एकामागून एक एकाच विमानातून उतरत, म्हणजे खाली आल्यावर तुकडी शोधावी लागू नये. उलट सगळे अधिकारी मात्र कधी एका विमानात बसत नसत. एक विमान पडले तर पलटण पोरकी होऊ नये, ही त्यामागची दृष्टी. ब्रिगेडला जोडून मशीनगनची कंपनी होती, ऐंशीवे छत्रीधारी रुग्णसेवा पथक होते, आणि ४११ वा रॉयल बॉम्बे विभाग, म्हणजे खडकीच्या आपल्या बॉम्बे सॅपर्सचे छत्रीधारी, होते. सुरुंग, पूल, पाणी यांची जबाबदारी त्यांची. याशिवाय वाटाड्यांची एक छोटी तुकडी असे. मुख्य सैन्याच्या आधी उतरून उतरण्याच्या जागेवर खुणा करावयाच्या, हे तिचे काम. या वाटाड्यांची आठवण श्रोत्यांनी ठेवावी. अंजूरला परतल्यावर त्यांची पुन्हा गरज लागेल.

एवढी तयारी झाली आणि या ब्रिगेडची सर्वांत मोठी लढाई आली ती मात्र जमिनीवर. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपुरात शिरले, तेव्हा ही ब्रिगेड उख्रूलच्या डोंगरात होती. तिच्याबरोबर आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. १९ मार्चला १५२ व्या पलटणीच्या एका कंपनीवर पहिला घाव पडला. त्यानंतर २२ पासून २६ मार्चपर्यंत सांगशाक गावच्या टेकडीवर वेढा पडला. खाली खडक असल्याने खंदक खोल खणता येईनात. काटेरी तार नव्हती, पाणी पुरेसे नव्हते. विमानांनी टाकलेली रसद बहुतांशी जपान्यांच्या हाती पडत होती. तशा स्थितीत छत्रीधारी हिंदी, गुरखे आणि मराठे एकाच चिंचोळ्या टेकडीवर खांद्याला खांदा लावून लढले. २६ तारखेच्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि उरलेले लोक जंगलातून इंफाळकडे निघाले. टेकडी गेली, शेकडो माणसे गेली. पण जपान्यांचे जे दिवस तेथे खर्ची पडले त्यांनी कोहिमा आणि इंफाळ सावरावयास अवधी दिला, असे आज इतिहासकार मानतात. मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेला नकाशाही वेढ्यातून बाहेर काढून इंफाळला पोचविण्यात आला होता.

यापुढची हकीकत सुखाची नाही. १ मार्च १९४५ रोजी हिंदी पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली आणि सांगशाकला लढलेली १५२ वी पलटण दोन ठिकाणी वाटली गेली. हिंदू शिपायांची एक पलटण झाली आणि मुसलमान शिपायांची दुसरी. वर्षभर आधी जे एका खड्ड्यात बसून एकाच कुप्पीतून घोट घेत होते, त्यांच्या याद्या आता निरनिराळ्या झाल्या. कारभाराच्या सोयीसाठी हे केले असेल. पण दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, अख्खी हवाई डिव्हिजनच दोन देशांत वाटली गेली. पन्नासावी आणि सत्त्याहत्तरावी ब्रिगेड आपल्याकडे राहिली आणि चौदावी पाकिस्तानात गेली. जेथे उडी शिकविली जाई ती चकलाल्याची शाळाही पलीकडे राहिली. आपली शाळा मग आग्र्यास उभी राहिली.

या वाटणीच्या सुमारास आपल्या विषयात मराठा पलटणीचा प्रवेश होतो. रेजिमेंटची तिसरी पलटण जुनी, १७९७ साली मुंबई इलाख्याच्या फौजेत उभारलेली. पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा या नावाने ती कूट-अल-अमाराच्या वेढ्यात होती आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने शरणागती झाली तेव्हा तिचे शिपाई कैदेत गेले. दुसऱ्या महायुद्धात ती इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिच्यातील एका तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तुकडीप्रमुख नाईक यशवंत घाडगे यांच्याखेरीज सगळे पडले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेडने तोफ बंद पाडली, बंदुकीने एकाला लोळविले, आणि गोळ्या भरावयास वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांचा निकाल लावला. नंतर लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांचे वय बावीस होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते आपल्या कोकणातलेच, माणगाव तालुक्यातले. महायुद्ध संपल्यावर हिंदी पॅराशूट रेजिमेंट मोडून नेहमीच्या पायदळ पलटणींना छत्रीधारी करण्याचे ठरले, आणि त्यांत घाडग्यांची ही तिसरी पलटणही आली.

१९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत नौशेरा आणि झांगड येथे ही मराठा पलटण पन्नासाव्या छत्रीधारी ब्रिगेडमध्ये होती. ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर महंमद उस्मान. पाकिस्तानच्या सैन्यात जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो नाकारला. मार्च १९४८ मध्ये झांगड परत घेतले गेले, आणि ३ जुलै १९४८ रोजी तेथेच तोफगोळ्याने उस्मान धारातीर्थी पडले. तीन वर्षांपूर्वी ज्या छत्रीधारी दलात धर्मावरून याद्या झाल्या होत्या, त्याच दलाच्या मराठा शिपायांचा सेनानी आता एक मुसलमान होता. त्याच्या हुकमावर ते पुढे जात होते. इतिहास एका हाताने मांडलेली वाटणी दुसऱ्या हाताने पुसतो, तो असा.

१५ एप्रिल १९५२ रोजी आजची पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली. पंजाब, मराठा आणि कुमाऊं या तीन रेजिमेंटांची एकेक छत्रीधारी पलटण तीत घेतली गेली. आपल्या मराठा पलटणीचे नवे नाव झाले पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, आणि पुढे कंसात, मराठा. हा कंस आम्हांस फार बोलका वाटतो. नाव पुसले नाही. दीडशे वर्षांची परंपरा टाकून द्या, असे कोणी म्हटले नाही. परंतु ज्या नावाने ती लढावयाची ते नाव बाहेर राहिले, आणि ज्या नावाने ती जन्मली ते कंसात गेले.

त्या कंसाने पलटणीचे काही बिघडले काय? ११ डिसेंबर १९७१ रोजी, दिवस मावळावयाच्या आधी, हीच दुसरी पलटण बांगला देशात टांगाईलजवळ उतरली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू तिचे प्रमुख होते, आणि तोफखाना, इंजिनिअर व रुग्णसेवा यांच्या तुकड्या सोबत होत्या. मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट पुंगली पुलावर अडवावयाची, हे काम. शिपाई पांगले, सामान शेतांत आणि तळ्यांत पडले. तेव्हा आजूबाजूच्या गावांतील माणसे धावून आली आणि दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन चालू लागली. त्याच संध्याकाळी पूल हाती आला आणि रात्रभर तो राखला गेला. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून जमिनीच्या वाटेने जी पलटण त्यांना येऊन मिळाली ती होती पहिली मराठा, १७६८ सालची जंगी पलटण. एक भाऊ आकाशातून आला होता, दुसरा चालत. कंसात गेलेले नाव आपल्या माणसांना ओळखू आलेच. १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरणाऱ्या तुकड्यांत ही छत्रीधारी पलटण होती.

या उडीच्या पाठीमागची एक गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. पलटण उतरण्याच्या आधी छत्रीधारी ब्रिगेडचा एक अधिकारी गुपचूप टांगाईलच्या मुलखात जाऊन राहिला होता. कादर सिद्दिकींच्या मुक्तिसैनिकांशी त्याने संधान बांधले आणि उतरण्याच्या जागेची खबर तो पाठवीत राहिला. तो पुढे गेला नसता तर पलटण आंधळी उतरली असती.

आणि येथेच आम्ही, सांगितल्याप्रमाणे, नाईकांच्या उंबरठ्याशी येऊन पोचलो. साष्टीच्या बखरीतील गंगाजी नाईक कोण आहेत? ते वाटाडे आहेत. फिरंग्यांच्या अमलाखालील मुलखाची बित्तंबातमी गोळा करणे, खाडीच्या वाटा-उतार जाणणे, पेशव्यांच्या दरबारी वर्षानुवर्षे खेटे घालून मोहिमेचा नेट लावणे, हे त्यांचे आणि त्यांच्या भावांचे काम. मार्च १७३७ मध्ये ठाणे आले, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांपुढे वसई शरण आली. त्या विजयात तलवार हजारोंची होती. पण मोहीम सुरू होण्यापूर्वीची घडी अंजूरकरांनी घातली होती. ते कोणत्या ज्ञातीचे, असे आपण कौतुकाने विचारतो, त्यात वावगे काही नाही. परंतु त्यांनी वाट दाखविली ती एका ज्ञातीच्या माणसांसाठी नव्हे. खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी ती होती, आणि साष्टी मुक्त झाली ती सर्वांची.

आता त्या ठरावाविषयी दोन शब्द. अभ्यासिका आपल्या पैशांची आहे, मग तिचा लाभ आपल्या मुलांनीच घ्यावा, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आम्ही अनादर करीत नाही. शिक्षणाची दारे बंद होती त्या काळात ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या आणि पिढ्या उभ्या केल्या. ते ऋण फार मोठे आहे. मुलांसाठी जागा अपुरी पडेल ही भीतीही पोकळ नाही. खुर्च्या मोजक्याच आहेत, हे आम्हीही पाहिले आहे. पण अंजूरच्या वेशीवर आज भाताच्या खाचरांच्या जागी गोदामे उभी आहेत. त्यांत दिवसभर हमाली करून संध्याकाळी पुस्तक उघडू पाहणारा मुलगा कोणाचाही असू शकतो. तो उद्या सैन्यात गेला तर त्याने घडी घातलेली छत्री आपल्या मुलाच्या पाठीवर असेल, आणि आपल्या मुलाने घातलेली घडी त्याच्या पाठीवर. त्या वेळी दोघेही सही कोणाची आहे, हे पाहणार नाहीत. मग आज दाराशी आपण नाव का विचारावे?

मंडळ मोडावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. नाव राहू द्या, निशाण राहू द्या, वर्षातून एकदा हा मेळावा असाच भरू द्या. जुन्या मंडळींची स्मृती जागवू या, लग्नकार्यांत एकमेकांच्या उपयोगी पडू या. आमची विनंती इतकीच की, अभ्यासिकेच्या पाटीवर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत असावे आणि आपल्या मंडळाचे कंसात. जागा अपुरी पडली तर आम्ही स्वतः वर्गणी काढून खुर्च्या आणू, आणि या कामी घरोघर जावयास आम्ही पहिले असू.